हरल्याचा मजकूर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या 'व्हॅली लँटर्न' दैनिकाचे मालक मिस्टर प्रेस्टन व्हिटलॉक. तळघरातलं हे सभागृह आम्हाला देणारे सेंट सिरिल चर्चचे फादर स्तान्को. एकतीस वर्षं आमच्या क्रीडापानावर ठाण मांडून बसलेले आणि आज एकदाचे उठायला तयार झालेले सत्कारमूर्ती मायलो हुडाक. डाव्या हाताला बसलेले तलाववाल्या संघाचे भक्तगण, उजव्या हाताला बसलेले नदीवाल्या संघाचे भक्तगण, आणि भाषणं संपेपर्यंत हात लावायचा नाही असं बजावूनही मागे कुकीजच्या टेबलापाशी तोंड हलवत उभे असलेले आपण सर्व सभ्य स्त्रीपुरुषहो,

मी रोझमेरी डिपियेरो. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझं नाव कधी वाचलेलं नसणार, कारण आमच्या दैनिकात ज्यांचं नाव छापलं जातं ते चुका करतात आणि ज्यांचं छापलं जात नाही ते दुरुस्त करतात. मी दुसऱ्या जातीची. बावीस वर्षं मी हुडाकचा मजकूर तपासते आहे. या काळात त्याने 'निर्णायक' हा शब्द चार हजार वेळा तरी लिहिला असेल. सप्टेंबरातला पहिला सामना निर्णायक, डिसेंबरातला शेवटचा निर्णायक, आणि ज्या दोन संघांचं घरी जाणं केव्हाच ठरून गेलंय त्यांचा सामनाही निर्णायक. मी विचारलं, "हुडाक, अरे, यात काय निर्णायक आहे?" तर म्हणतो, "रोझी, त्यांचा प्रशिक्षक राहतो की जातो हे ठरणार आहे ना." प्रशिक्षक गेला होता. आदल्या दिवशीच.

मिस्टर व्हिटलॉक यांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि काम दिलंय लोकांना हसवायचं. आपल्याकडे निवृत्त होणाऱ्या माणसाची सर्वांसमोर यथेच्छ टिंगल करायची आणि मग त्याला घड्याळ द्यायचं अशी रीत आहे. ती मी पाळणार आहे, घाबरू नका. पण आधी एक विनंती. तुमच्या खुर्चीवर जी कार्यक्रमपत्रिका ठेवली होती ती हातात घ्या आणि मागचं पान उलटा. तिथे 'हुडाकचं सर्वोत्तम भाकीत' या मथळ्याखाली बावीस वर्षांपूर्वीचा नाताळच्या आठवड्याचा मजकूर छापलाय. छापण्याची कल्पना आमच्या मालकांची. आल्यापासून तुम्ही त्यावर हसताय, मी पाहतेय. हे पान खोटं आहे. त्यातला शब्द न् शब्द हुडाकचा आहे आणि तरीही ते खोटं आहे. ते तसंच घरी नेऊन तुम्ही फ्रीजवर चिकटवाल, आणि या माणसाचं नाव निघालं की या खोऱ्यात तेवढंच आठवलं जाईल. म्हणून मी उभी राहिले आहे. मिस्टर व्हिटलॉक, पाचाची सात मिनिटं झाली तर घड्याळ स्वस्तातलं द्या.

आता टिंगल.

नाताळच्या आठवड्याचं भाकीत लिहिणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे का? तुम्ही नुसते वाचता आणि शिव्या घालता. पूर्वी रविवार म्हणजे रविवार असे. सकाळी चर्च, दुपारी सामना, संध्याकाळी भांडण. आता बघा, येत्या आठवड्यात गुरुवारी खुद्द नाताळच्या दिवशी तीन सामने, शनिवारी दोन, मग रविवारी ढीगभर, आणि तेवढ्याने पोट भरलं नाही म्हणून सोमवारी आणखी एक. येशूचा जन्म झाला त्या दिवशी गोठ्यात टीव्ही नव्हता याचं या फुटबॉलवाल्यांना मनापासून वाईट वाटत असणार. फादर, क्षमा करा. पण तुम्हीही गुरुवारची प्रार्थना अकराची साडेनऊवर आणली आहे, आणि ती का आणली हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

आणि सामने तरी कसले! गुरुवारचा पहिला सामना हंगामभर मार खाल्लेल्या दोघांचा. त्यांच्याविषयी हुडाकने परवा लिहिलंय, 'दोन्ही संघांकडे आता गमावण्यासारखं काही नाही.' हे वाक्य मी बावीस नाताळ वाचते आहे. गमावण्यासारखं नाही, कमावण्यासारखं नाही, मग उणे दहा अंशांत उघड्या दंडांनी मैदानावर उभं कशाला राहायचं? म्हणे, बाह्या नसल्या की समोरचा घाबरतो. समोरच्याच्याही बाह्या नसतात! मला विचाराल तर गुरुवारी घरचे जिंकतील, कारण पाहुण्यांना नाताळच्या दिवशी हॉटेलात नाश्ता करावा लागेल आणि त्याने कुणाचाही जीव खचतो. शनिवारचे सामने बघू नका, थंडीत दोघांनाही चेंडू धरता येणार नाही. रविवारी आपल्या गावाचा दिवस. तलाववाले विरुद्ध नदीवाले. आपलं गाव दोन्ही संघांच्या शहरांच्या बरोबर मध्ये, त्यामुळे लग्नात बसायच्या बाजूसुद्धा वधूवरांवरून नाही, संघांवरून ठरतात. रविवारचं भाकीत माझ्याकडे आहे, पण मला इथून जिवंत घरी जायचंय.

हुडाकचं कौतुक करायचंच असेल तर एका गोष्टीचं करीन. एकतीस वर्षांत तो मनातून कुणाच्या बाजूचा, हे त्याने या गावाला कळू दिलं नाही. त्याच्या मोटारीवर तलाववाल्यांचा नारिंगी नाही आणि नदीवाल्यांचा काळा-पिवळाही नाही. पण भाकितं? मी मोजली आहेत. शंभरात एक्कावन्न बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आली असती. म्हणजे एकतीस वर्षांच्या तपश्चर्येने, अभ्यासाने आणि प्रेस बॉक्समधल्या फुकटच्या सॉसेजने या माणसाने नाण्यावर एकाने मात केली.

हसा, हसा. इथवर हसायला काही हरकत नाही.

आता ते मागचं पान. नाताळच्या आठवड्याची एक अडचण तुम्हाला सांगायला हवी, कारण ती फक्त छापखान्यात कळते. नाताळची पुरवणी दुकानांच्या जाहिरातींबरोबर बांधली जाते आणि छापखान्याच्या माणसांना सुट्ट्या असतात. म्हणून ती पुरवणी वाटायची बुधवारी, पण छापायची आधीच्या रविवारी संध्याकाळी सात वाजता. म्हणजे या रविवारचे सामने संपता संपता पुढच्या आठवड्याचं भाकीत छापून मोकळं व्हायचं. यावर हुडाकचा उपाय असा, की शनिवारी तो दोन मजकूर लिहून ठेवतो. एक आपला संघ जिंकल्याचा, एक हरल्याचा. पानात तेवढी जागा मोकळी ठेवायची. सामना संपला की तपासणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाने दोहोंपैकी खरा उचलून तिथे बसवायचा. शाळेतलं पोरही करील असं काम आहे.

बावीस वर्षांपूर्वी तलाववाल्यांचा क्वार्टरबॅक आपल्याच गावचा होता. चेंडू फेकणारा मुख्य गडी, आणि तो आपल्या मेपल स्ट्रीटचा डॅनी साबोल! नदीवालेसुद्धा त्याच्यासाठी गुपचूप प्रार्थना करायचे, नाही म्हणू नका, बॉब, तू मेणबत्ती लावताना मी पाहिलंय. डॅनीचे वडील लवकर गेले. त्याला पहिल्यांदा चेंडू धरायला शिकवला तो शेजारच्या हुडाकने. हुडाक एकटा माणूस. दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो साबोलांच्या टेबलावर जेवायला असायचा. मधात बुडवलेली पापडी मिसेस साबोल आधी मुलाला देत आणि मग याला. हे मी ऐकीव सांगत नाही, हेलन साबोल आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. हुडाकचा सत्कार आहे म्हणून त्या येणार नव्हत्या. मी तीनदा फोन केला तेव्हा आल्या. बावीस वर्षांत त्या या माणसाशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

का बोलत नाहीत ते पत्रिकेच्या मागच्या पानावर आहे. 'या आठवड्यात डॅनी साबोलला खाली पाडायचं तर खुद्द देवाला मैदानात उतरावं लागेल. त्याचे पाय नीट बघून ठेवा, असे पाय या खोऱ्यात पुन्हा जन्माला येणार नाहीत.' हा मजकूर गावात वाटला गेला बुधवारी. आणि त्याआधीच्या रविवारीच, सामन्याच्या शेवटच्या सहा मिनिटांत, तीन जण अंगावर पडून डॅनीचा गुडघा चेचला गेला होता. बुधवारी सकाळी पोर इस्पितळात होतं, आईला डॉक्टर सांगत होते की चालेल, पळणार मात्र नाही, आणि कुणीतरी तिच्या हातात आमचं दैनिक ठेवलं.

त्या थेट हुडाकच्या दारात गेल्या. "मायलो, तू सामना बघितला नाहीस?" हा म्हणाला, "नाही, हेलन. डोळा लागला होता." हे मला हुडाकने सांगितलेलं नाही, मिसेस साबोलनी अख्ख्या गावाला सांगितलं, आणि त्यांचं काय चुकलं? ज्या पोराला हाताला धरून खेळायला शिकवलं, त्याचा सामनासुद्धा बघायची तसदी घेतली नाही, आधीच काहीतरी खरडून हा झोपला! गावाने शिव्या दिल्या, मग गाव हसलं, आणि मग दर नाताळला हसायची सवय लागली. मालक तर अजून हसतात.

आता माझ्याकडे बघा. त्या रविवारी तपासणीच्या टेबलावर मी होते.

नोकरीला लागून मला तीन महिने झाले होते. नवरा सोडून गेलेला, घरात दोन मुली. मालक तेव्हा हे नव्हते, यांचे वडील होते. त्यांनी आधीच्या दोन चुकांवरून बजावलं होतं की तिसरी झाली की बाई घरी. मध्यंतराला डॅनीचे तलाववाले चोवीस-तीनने पुढे होते. मी म्हटलं, हे आता कसले हरतात! जिंकल्याचा मजकूर पानात बसवला, पान खाली छापखान्यात पाठवलं आणि निघून गेले. कुठे? हॅम आणायला. साडेपाचला दुकान बंद होणार होतं आणि मला नाताळसाठी हॅम हवं होतं. इतकी वर्षं हुडाकच्या भाकितांना मी नाकं मुरडते, पण त्या दिवशी या दैनिकातलं सर्वात मूर्ख भाकीत केलं ते मी. आणि सांगून ठेवते, ते हॅम कोरडं ठणठणीत निघालं.

सोमवारी सकाळी आले तर टेबलावरच्या फोनच्या यंत्रात तीन निरोप होते. तिन्ही हुडाकचे, मैदानावरून केलेले. तो झोपला नव्हता. प्रेस बॉक्समध्ये होता. पहिला निरोप, "रोझी, सामना फिरलाय. थांब, घाई करू नकोस." दुसरा, "रोझी, हरल्याचा लाव. हरल्याचा. ऐकतेयस ना?" तिसऱ्यात आवाज वेगळाच होता. "रोझी, डॅनीला उचलून नेलं. मी इस्पितळात चाललोय. तो मजकूर तेवढा जाऊ देऊ नकोस गं. हेलन वाचेल." तिथे त्याला कुणी आत सोडलं नाही, कारण तो नात्यातला नव्हता.

मी धावत छापखान्यात गेले. पुरवण्या छापून, जाहिरातींबरोबर गठ्ठे बांधून तयार होत्या. मग वर आले आणि तो निरोप पुसून टाकला. तिन्ही पुसले. पहिल्यांदा कबुली देतेय, म्हणून नीट देते: रडत नव्हते, घाबरूनही नव्हते, अगदी शांतपणे बटण दाबलं.

दहा वाजता हुडाक आला. माझ्याकडे बघितलं. "जिंकल्याचा लावलास?" मी म्हटलं, "हो." "कुठे होतीस?" "हॅम आणायला." म्हणाला, "मिळालं का?" मी म्हटलं, "मिळालं." मग तो मालकांच्या खोलीत गेला आणि मला दाराबाहेरून ऐकू आलं, "हरल्याचा मजकूर मी लिहिलाच नव्हता, साहेब. आळस केला. त्या बाईने जे होतं ते लावलं." बाहेर आला तेव्हा मी काही बोलायला गेले, तर म्हणाला, "गप बस. तुला दोन मुली आहेत. मला काय, शिव्या खायची सवय आहे." त्याला वाटलं होतं, आठवड्याभरात लोक विसरतील. सांगितलं ना, त्याची भाकितं शंभरात एक्कावन्न बरोबर येतात.

तुम्ही विचाराल, रोझमेरी, बावीस वर्षं काय झोपली होतीस? पहिली दोनतीन वर्षं नोकरीची भीती होती. ती गेली तेव्हा लाज होती. पुढे तीही राहिली नाही, नुसती सोय राहिली. दर नाताळला कचेरीत तो मजकूर मोठ्याने वाचला जायचा आणि मीही हसायचे. माझ्या मुली शिकल्या, लग्नं झाली, या इथेच त्यांच्या लग्नातल्या कुकीज मांडल्या होत्या आणि हुडाक कोपऱ्यात उभा राहून खात होता, कारण साबोलांच्या टेबलावर त्याला जागा नव्हती. ते दिसत होतं मला. मी कॉफी ओतत होते. त्याला दोनदा म्हटलं, आता सांगते सगळ्यांना. दोन्ही वेळा म्हणाला, "आता काय उपयोग, हेलनला उगीच परत सगळं आठवेल." मला ते सोयीचं होतं, म्हणून मी लगेच पटवून घेतलं. याला मी भित्रेपणा म्हणते. तुम्ही आणखी काही म्हणू शकता.

मिस्टर व्हिटलॉक, मला माईक मागू नका, अजून देणार नाही. एक बातमी तुम्हाला इथेच देते. उद्या रविवार. नाताळच्या पुरवणीचं क्रीडापान मी आज दुपारीच पुरं केलं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात एक चौकट घातली. वाचून दाखवते. 'दुरुस्ती. बावीस वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात डॅनी साबोल याच्याविषयी छापलेला मजकूर चुकीचा होता. श्री. मायलो हुडाक यांनी योग्य मजकूर वेळेत लिहून दिला होता, सामना शेवटपर्यंत पाहिला होता आणि तीनदा फोनही केला होता. चूक रोझमेरी डिपियेरो यांची.' तुम्हाला ते पान काढायचं असेल तर काढा, मालक आहात. पण हे दोनशे लोक बुधवारी तो कोपरा शोधणार आहेत.

हुडाक, तू बस. "रोझी, पुरे" म्हणतोय, मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगते. एकतीस वर्षं तू बोललास, आज मी बोलणार.

कोण उठलंय? मिसेस साबोल, तुम्ही कशाला उठलात, गुडघे दुखतात ना तुमचे? काय म्हणताय? थांबा हो, त्या कुकीवाल्यांना गप्प करा कुणीतरी. त्या विचारतायत, "मायलो, तू तिथे होतास?"

उत्तर दे, हुडाक. माझ्याकडे नको बघू.

"हो," म्हणतोय.

त्या विचारतायत, "शेवटपर्यंत?"

तो म्हणतोय, डॅनीला नेईपर्यंत. त्यानंतर मैदानाकडे बघितलं नाही.

बावीस वर्षं तोंड शिवून बसलास, गाढवा, असं म्हणतायत त्या. हे मी भाषांतर न करता जसंच्या तसं सांगतेय. आणि म्हणतायत, बुधवारी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, पाचला ये, सहाला नको, मशरूमचं सूप ढवळायला माणूस हवंय. डॅनीही येतोय.

हुडाक, नाक पूस. फोटो काढतायत.

माझ्याकडे मिसेस साबोलनी एकदा बघितलं आणि खाली बसल्या. ठीकच केलं त्यांनी.

सभ्य स्त्रीपुरुषहो, माझी वेळ केव्हाच संपली. सभागृह दिल्याबद्दल फादरांचे, चौदा जातींच्या कुकीज भाजल्याबद्दल गावातल्या बायांचे, आणि माईक हिसकावून न घेतल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. बोलण्याच्या भरात तुमच्या संघाला, धर्माला किंवा सॉसेजला काही लागेलसं बोलले असेन तर मनावर घेऊ नका, मोठ्या मनाने सोडून द्या. दुसऱ्या चुकीची माफी मी इथे मागत नाही. ती मागायला मला मेपल स्ट्रीटवर जावं लागेल, आणि तिथे दार उघडायचं की नाही हे मिसेस साबोल ठरवतील.